लॉ करायचंय… मग आधी काय घेऊ?

रात्रीचे साडेदहा. मोबाइल वाजला. पलीकडे माझी मावसबहीण. कराडजवळच्या एका गावात राहते, नुकतीच बारावी झालीय. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. थेट मुद्दा.

"ताई, परवा फॉर्मची शेवटची तारीख आहे. मेजर काय टाकू?"

"तुला व्हायचंय काय?"

"वकील. तुला माहितीये की!"

माहिती होतंच. तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या काकांची, बांधावरून एक केस तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. ही सातवीत होती तेव्हा उभी राहिली, अजून उभीच आहे. तारखेच्या दिवशी काका सकाळच्या एसटीने जातात आणि दुपारच्या एसटीने पुढची तारीख घेऊन परत येतात. केसची फाइल जाड होत गेली, तशी हिला ती फाइल वाचायची सवय लागली. आता काकांपेक्षा तिलाच जास्त माहिती असते, कुठला कागद कितव्या पानावर आहे ते.

"घरचे काय म्हणतायत?"

घरच्यांकडे उत्तरं भरपूर होती. मामा म्हणाला, "पॉलिटिकल सायन्सच घे. वकिलाला घटना यायला नको?" काका म्हणाले, "बीकॉम कर. वकिली नाही चालली तर पतसंस्थेत तरी लागशील." कॉलेजातले सर म्हणाले, "मार्क चांगले आहेत, बीएस्सी सोडू नकोस." आणि शेजारचा दादा म्हणाला, "इंग्लिश घे, लॉ सगळं इंग्लिशमध्ये असतं." चार जण, चार विषय, आणि प्रत्येकाचा आवाज ठाम.

मी पडले मास कॉमवाली. कोर्ट मला बातमीपुरतं माहीत. तिला म्हटलं, "मला एक दिवस दे." मग तो दिवस मी लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मैत्रीण, जिल्हा न्यायालयात वीस वर्षं उभे राहणारे एक वकील आणि लॉ कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम यांचं डोकं खाण्यात घालवला. नियमही वाचून काढले. तुमच्यापैकी अनेक जण याच फॉर्मसमोर बसलेले असतील, म्हणून जे हाती लागलं ते इथे मांडतेय.

रस्ते दोन, गोंधळ एक

वकिलीच्या पदवीकडे जाणारे रस्ते दोन. पहिला, बारावीनंतर पाच वर्षांचा: बीए एलएलबी, बीबीए एलएलबी किंवा मुंबई विद्यापीठातला बीएलएस एलएलबी. त्यासाठी राज्यातल्या कॉलेजांकरता एमएच-सीईटी लॉ आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांकरता क्लॅट. आपल्याकडे अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. या रस्त्याने गेलात तर 'आधी काय घेऊ' हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा रस्ता, आधी पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. इथेही राज्याची सीईटी आहेच, पण ती वेगळी. शिवाय दिल्ली विद्यापीठाचं तीन वर्षांचं एलएलबी सीयूईटी-पीजीमधून मिळतं, आणि बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनेही २०२२ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केलाय, त्याची प्रवेश परीक्षा स्वतंत्र. म्हणजे बारावीला क्लॅट हुकली म्हणून नॅशनल लॉ स्कूलचं नाव कायमचं पुसून टाकायची गरज नाही.

माझ्या बहिणीसारखं तुम्हीही 'आधी पदवी घे, मग बघू' या घरच्या वाक्यामुळे दुसऱ्या रस्त्यावर असाल, तर सगळ्यात आधी ही गोष्ट लक्षात घ्या: तीन वर्षांच्या एलएलबीसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. कला, वाणिज्य, विज्ञान, इंजिनीअरिंग, काहीही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत विषयाची अट नाही.

अट आहे ती मार्कांची. खुल्या गटाला पदवीला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ऐकायला सोपी वाटते ना? मलाही वाटायची.

माझ्या रूममेटची गोष्ट सांगते. तिला पहिल्यापासून लॉ करायचं होतं. घरी म्हणाले, "कुठलीही डिग्री चालते ना? मग सायन्स कर, हातात काहीतरी राहील." तिने बीएस्सी घेतलं. पहिल्या वर्षी जेमतेम पास, दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तिसऱ्या वर्षी पुस्तक उघडलं की डोळ्यांत पाणी. पदवी मिळाली, पण ४३ टक्क्यांची. सीईटीची तयारी मात्र तिने मनापासून केली होती, कारण ती तिची आवडीची गोष्ट होती. तो अभ्यास आता कपाटात आहे आणि ती दुसरी पदवी करतेय.

'कुठलीही डिग्री चालते' हे वाक्य नियमानुसार खरं आहे. पण ती डिग्री तुम्हाला तीन वर्षं चालवायची असते, हे त्या वाक्यात कुणी सांगत नाही.

एक छोटी सूचना जाता जाता. दूरशिक्षणातून पदवी घेताय तर दहावी, बारावी, पदवी हा क्रम नीट आहे ना, ते तपासा. बारावी न करता मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी एलएलबीच्या प्रवेशाला चालत नाही.

मोठी माणसं काय शिकली होती?

मामाचा मुद्दा डोक्यात होता: वकिलाला राज्यशास्त्रच लागतं. म्हणून सहज शोधलं, की ज्यांची नावं आपण कायद्याच्या संदर्भात घेतो, त्यांनी आधी काय शिकलं होतं.

लोकमान्य टिळक: डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बीए, १८७७. मग १८७९ मध्ये एलएलबी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर: एल्फिन्स्टन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, पुढे कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्रातच संशोधन. बॅरिस्टरी त्याच्या जोडीने आली, आणि १९३५ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. नानी पालखीवाला: सेंट झेवियर्समधून इंग्रजी साहित्यात एमए. साहित्य शिकलेला हा माणूस पुढे आयकर कायद्यावरचा अधिकारी लेखक झाला आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या बाजूने उभा राहिला. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड: अर्थशास्त्र आणि गणित. माजी सरन्यायाधीश भूषण गवई: वाणिज्य, आपल्या अमरावतीतून.

गणित, अर्थशास्त्र, साहित्य, वाणिज्य. आता यावरून 'गणित घेतलं की टिळक होता येतं' असं कुणी म्हणणार नाही. पण 'गणित घेतलं म्हणजे वकिली सुटली' असंही म्हणता येत नाही, एवढं नक्की.

कुठला विषय काय देतो?

लॉ कॉलेजातल्या मॅडमना विचारलं, "वर्गात कुठल्या शाखेची मुलं पुढे असतात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पहिले काही महिने शाखा दिसते. नंतर फक्त वाचणारी आणि न वाचणारी मुलं दिसतात."

हे त्या पहिल्या काही महिन्यांबद्दल आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामात विषय कुठे भेटतो त्याबद्दल.

राज्यशास्त्र घेतलंत तर संसद, न्यायव्यवस्था, मूलभूत हक्क हे शब्द ओळखीचे असतील. घटनेच्या पेपरला पहिल्या दिवशी घाबरायला होत नाही. पण एलएलबीत घटना पहिल्यापासून शिकवतात, त्यामुळे ही आघाडी एक-दोन सत्रांची. फक्त त्यासाठी, विषय आवडत नसताना तीन वर्षं राज्यशास्त्र करणं महागात पडतं.

वाणिज्य घेतलंत तर गंमत आहे. बीकॉमच्या मुलांना बिझनेस लॉमध्ये १८७२ चा करार कायदा भेटतो. म्हणजे प्रत्यक्ष कायद्याची कलमं बीएच्या मुलापेक्षा बीकॉमचा मुलगा आधी वाचतो! पुढे जीएसटी, कंपनी कायदा, २०१६ ची दिवाळखोरी संहिता, आणि तालुक्याच्या कोर्टात ढिगाने असणाऱ्या चेक न वटल्याच्या केसेस. ताळेबंद वाचता येणारा वकील सगळ्यांना हवा असतो.

अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र कुठे लागतात हे पाहायचं तर एक निकाल वाचा: ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, १९८५. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याची केस. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं घटनापीठाने त्यात म्हटलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. माणसं गाव सोडून फुटपाथवर का येतात, खेड्यात काम का मिळत नाही, याची चर्चा त्यात आहे. कलम २१ ची ओळ एकच, पण तिच्यात उपजीविका कशी बसते हे दाखवायला गरिबीबद्दलचं ज्ञान लागलं.

विज्ञान घेतलंत तर वेळ वाया गेला असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद त्यात आहे. मग तो अहवाल कोर्टात येणार, आणि तज्ज्ञाची उलटतपासणी कुणीतरी घेणार. डीएनए म्हणजे काय हे ज्याला आदल्या रात्री इंटरनेटवर वाचावं लागतं, त्याच्यापेक्षा बायोटेकवाली बरी. कॉम्प्युटरवाल्यांचंही तेच. व्हॉट्सअॅप चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर आता प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. हा शब्द ऐकून तुम्ही दचकला नाहीत, तर तुमचं काम सोपं.

मानसशास्त्र कुटुंब न्यायालयात रोज लागतं. तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र युक्तिवादाची चूक कुठे आहे ते दाखवायला शिकवतात. साहित्य लांबलचक मजकूर न कंटाळता वाचायला आणि शब्दाला शब्द लावून अर्थ काढायला शिकवतं. करारातल्या एका 'किंवा'वर लाखो रुपये अडकतात, तेव्हा हीच सवय कामी येते.

आणि इतिहास? हा विषय मला कुणीच सुचवला नव्हता. त्या वकील काकांनी सुचवला. "इतिहासवाल्याला एक प्रश्न विचारायची सवय असते," ते म्हणाले, "हा कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि आजवर कुणाकडे होता? दिवाणी वकिलाचं अर्धं काम तेच." खरंच, तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही-अक्षर खरं मानण्याची मुभा कोर्टाला पुराव्याच्या कायद्यातच दिलेली आहे. कागद कुणाकडे होता, हा प्रश्न तिथेही आहेच.

विषय खरोखर अडतो ती एक जागा

आतापर्यंत मी म्हणतेय, कुठलाही विषय घ्या. पण एका ठिकाणी विषय तुम्हाला अडवू शकतो, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. ते म्हणजे पेटंट.

कुणी नवं औषध शोधलं, नवं यंत्र बनवलं, तर त्याचं पेटंट मिळवून देण्याचं काम पेटंट एजंट करतात. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार त्यासाठीची परीक्षा द्यायची तर पदवी विज्ञान, इंजिनीअरिंग किंवा तंत्रज्ञान यांतलीच लागते. एलएलबी असो वा नसो. बीए, एलएलबी झालेली व्यक्ती पेटंटची केस कोर्टात लढू शकते, पण ही परीक्षा देऊ शकत नाही. उलट बीएस्सी, एलएलबी झालेल्याला दोन्ही करता येतं. तेव्हा विज्ञान मनापासून आवडतं, पण 'लॉ करायचंय म्हणून आर्ट्सला जाऊ का' असा विचार करताय, तर थांबा. तुमच्यासाठी बीएस्सी हाच जवळचा रस्ता असू शकतो.

मेजर एक, बाकी जागा रिकाम्या नाहीत

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता फॉर्मवर नुसता एक विषय नसतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा रांगा असतात. आपण काय करतो? मेजरवर घरात महायुद्ध, आणि बाकीच्या रकान्यांत मैत्रिणीने जे भरलं तेच. तिथेच खरी संधी आहे.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. म्हणजे आर्ट्सच्या मुलीला अकाउंटिंगची तोंडओळख करून घेता येते, सायन्सच्या मुलाला राज्यघटना किंवा इतिहास घेता येतो. मेजर आवडीचं घ्या आणि जे आपल्याकडे कमी आहे ते या रकान्यांतून भरून काढा. आकड्यांची भीती असेल तर आकडे, लिहायचा कंटाळा असेल तर लिहायला लावणारा विषय. 'सोपा आहे, मार्क पडतात' म्हणून घेतलेला इलेक्टिव्ह सहा महिन्यांनी आठवतही नाही.

आणि चौथ्या वर्षाचं काय? ऑनर्ससाठी ते आहे. एलएलबीच्या प्रवेशाला तीन वर्षांची पदवी पुरते. संशोधनाची ओढ असेल तर चौथं वर्ष जरूर करा, पण 'लॉसाठी लागतं' या समजुतीने करू नका. तीन अधिक तीन सहा, चार अधिक तीन सात. बारावीनंतर थेट गेलात तर पाच. एकेका वर्षाची फी आणि एकेका वर्षाचं घरभाडं मनात धरून हा हिशेब करा.

मराठीत विचारा, इंग्रजीत मांडा, आणि उलटही

शेजारच्या दादाचं म्हणणं अर्धं खरं निघालं. घटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. एलएलबीची बहुतेक पुस्तकंही इंग्रजीत. सीईटीत इंग्रजीचा वेगळा विभाग असतो. त्यामुळे इंग्रजी कच्चं असेल तर पदवीची तीन वर्षं हाच ते पक्कं करायचा काळ.

पण काकांची केस ज्या तालुका कोर्टात आहे, तिथे सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदार बोलतो ते तर अस्सल गावच्या मराठीत. वकील काका म्हणाले, "शहरातून येणारी हुशार मुलं इंग्रजीत उत्तम ड्राफ्ट करतात. पण पक्षकार 'वहिवाट आमची हाय' म्हणाला की गोंधळतात." इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनो, मराठी मायनर घ्यायला लाजू नका. आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनो, तुम्ही मागे आहात असं कुणी सांगितलं तर त्याला एकदा पंचनामा वाचायला द्या.

फुकटात करता येणारा अभ्यास

विषय कुठलाही असो, पदवीच्या तीन वर्षांत या चार गोष्टी करता येतात. क्लास लावायची गरज नाही.

एक, महिन्याला एक निकाल वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर फुकट आहेत, अनेकांचे मराठी अनुवादही. सुरुवात ओल्गा टेलिसपासून करा. सगळं कळणार नाही, हरकत नाही. घटना काय घडली, प्रश्न काय होता, कोर्ट काय म्हणालं, हे एका पानात स्वतःच्या शब्दांत लिहा. सीईटीच्या अभ्यासाला याच्याइतकी चांगली सुरुवात मला तरी कुणी सांगितली नाही.

दोन, एक दिवस कोर्टात जाऊन बसा. आपल्याकडे न्यायालयं सर्वसाधारणपणे खुली असतात, मागच्या बाकावर शांत बसून कामकाज ऐकता येतं. मोबाइल बंद ठेवा आणि तिथल्या सूचना पाळा. सिनेमातलं कोर्ट डोक्यातून जायला एक दुपार पुरते. कंटाळा आला तर तेही कळलेलं चांगलं.

तीन, रोज एक पान लिहा आणि मग ते निम्म्यावर आणा. माझ्या मैत्रिणीच्या मते लॉमध्ये सगळ्यांची दमछाक होते ती इथेच. बोलता सगळ्यांना येतं, थोडक्यात लिहिता येत नाही.

चार, सीईटीची त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. प्रश्नांची संख्या आणि विभागांचे गुण मधल्या काळात बदललेत. कायद्याची समज, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी हा गाभा मात्र तोच आहे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ही परीक्षा देता येते, निकालाची वाट पाहत वर्ष घालवू नका.

पुढचा हिशेबही आत्ताच

हा भाग मी बहिणीला सांगायचं टाळणार होते. पण मग रूममेट आठवली, आणि सांगितला.

एलएलबी झालं की लगेच सगळं मार्गी लागत नाही. बार कौन्सिलमध्ये नोंदणी करायची असते. तिचं शुल्क कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. मग अखिल भारतीय बार परीक्षा. आणि तुम्हाला न्यायाधीश व्हायचं असेल तर आणखी एक थांबा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे एकविसाव्या वर्षी पदवी, चोविसाव्या वर्षी एलएलबी, आणि न्यायाधीशाची परीक्षा सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास.

ज्युनिअरची सुरुवातीची वर्षं पैशाच्या दृष्टीने ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलं, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. म्हणून काकांचं 'पतसंस्थेत तरी लागशील' हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे. लॉ करताना किंवा नंतरच्या वर्षांत तुमची पदवी तुम्हाला चार पैसे मिळवून देऊ शकते का, शिकवण्या, अनुवाद, हिशेबाची कामं, काहीही, हा प्रश्न विषय निवडताना विचारायलाच हवा. तो विचारला म्हणून तुमचं स्वप्न छोटं होत नाही.

मग तिने काय घेतलं?

दुसऱ्या दिवशी रात्री तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण टाकू काय?"

मी तिला मॅडमनी सांगितलेली एक चाचणी दिली. कॉलेजच्या लायब्ररीत जा. जे विषय डोक्यात आहेत त्यांची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं काढ. पहिल्या वर्षाची नको, ती सगळीच सोपी असतात. प्रत्येकातली वीस पानं वाच. कुठल्या पुस्तकात वेळ कसा गेला ते कळलं नाही, तेवढं बघ.

तुम्हीही हे करून पाहा. पाच-सहा तास जातील. तीन वर्षांच्या मानाने काहीच नाही.

फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत होती. पावणेबाराला तिचा मेसेज आला.

"इतिहास मेजर. मराठी मायनर. ओपनमध्ये अकाउंटिंगचं काहीतरी आहे, ते बाबांसाठी."

इतिहास का, विचारलं. तर म्हणाली, केसच्या फाइलमध्ये एक जुना कागद आहे, मोडीतला. पणजोबांच्या वेळचा. इतकी वर्षं तो फाइलमध्ये आहे आणि घरात कुणालाच वाचता येत नाही. वकिलांनीही कधी वाचून घेतला नाही. "मोडीचे वर्ग असतात ना गं कुठे कुठे? मला आधी तो वाचायचाय."

त्या कागदात बांधाचं काही असेल, नसेलही. पण वकील व्हायला निघालेल्या मुलीने एलएलबीला प्रवेश घ्यायच्या तीन वर्षं आधीच आपली पहिली केस हातात घेतलीय, असं मला वाटलं.

खाली आणखी एक ओळ होती.

"मामा बोलत नाहीये माझ्याशी. त्याला तू समजाव."